अब्बांचे घड्याळ

पाठप्रवेश

आईवडिलांच्या मागे त्यांच्या वस्तू मुलांकडे येतात. त्यांना आपण वारसा म्हणतो. काही वस्तूंची वाटणी करता येते, काहींची करता येत नाही. या पाठात लेखकाने एका यंत्रमाग कामगाराच्या मनगटी घड्याळाची हकीकत सांगितली आहे. ते घड्याळ कसे चालत असे आणि शेवटी ते कोणाकडे गेले, हे वाचा.

पाठ

'जनता' हे एका मनगटी घड्याळाचे नाव आहे. हे घड्याळ एच.एम.टी. या सरकारी कंपनीने तयार केले. कंपनीचे पूर्ण नाव हिंदुस्थान मशीन टूल्स. ती १९५३ मध्ये बंगलोर, म्हणजे आताचे बेंगळुरू, येथे सुरू झाली. कारखान्यांना लागणारी यंत्रे बनवणे हे तिचे मूळ काम होते. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिने बंगलोरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. त्या कारखान्यातील पहिली घड्याळे त्या वेळचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बाहेर आली.

कंपनीने आपल्या घड्याळांना सोपी, ओळखीची नावे दिली. 'जनता', 'जवान', 'सोना', 'पायलट', 'कांचन', 'कोहिनूर' ही त्यांतील काही नावे. त्या काळी घड्याळ ही मोठी वस्तू होती. लग्नात जावयाला घड्याळ देत. मुलगा मॅट्रिक पास झाला किंवा नोकरीला लागला, की त्याच्या मनगटावर घड्याळ येई.

'जनता' घड्याळात बॅटरी नसते. त्याला रोज चावी द्यावी लागते. घड्याळाच्या कडेला एक लहान गोल डोके असते. ते बोटांनी फिरवले, की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. मग ती हळूहळू सुटत जाते आणि तिच्या जोराने चाके फिरतात. स्प्रिंग एकदम सुटू नये म्हणून आत एक लहान चाक असते. ते केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने मागेपुढे झुलते. त्याच्या झुलण्याने 'टिकटिक' असा आवाज होतो. या घड्याळात एका सेकंदाला पाच ठोके पडतात. म्हणजे एका तासाला १८,००० ठोके झाले. दिवसाचे किती होतील, ते तुम्ही गुणाकार करून काढा.

तबकडीवर '१७ ज्वेल्स' असे लिहिलेले असते. ते वाचून अनेकांना वाटे, की घड्याळात सतरा मौल्यवान रत्ने आहेत. ती खरोखर माणकेच असतात, पण कारखान्यात तयार केलेली, अगदी बारीक आणि स्वस्त. चाकांचे टोक ज्या जागी फिरते, तेथे ती बसवतात. माणिक कठीण आणि गुळगुळीत असते. त्यामुळे घर्षण कमी होते आणि घड्याळ वर्षानुवर्षे झिजत नाही.

पूर्ण चावी दिली, तर असे घड्याळ एक दिवसाहून थोडे अधिक चालते. चावी द्यायचे विसरले, की ते थांबते. म्हणून अशा घड्याळाचा मालक होणे म्हणजे रोज एक काम अंगावर घेणे होय.

माझ्या वडिलांकडे असेच एक 'जनता' घड्याळ होते. त्यांना आम्ही अब्बा म्हणत असू. अब्बा मालेगावला यंत्रमागावर काम करत. पाळी बारा तासांची असे. मजुरी तासांवर नव्हे, तर विणलेल्या कापडावर मिळे. दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला टाकून त्यांनी १९७८ मध्ये हे घड्याळ घेतले. कामावर ते घड्याळ मनगटावर बांधत नसत. मागाजवळ पट्टा अडकण्याची भीती असे आणि कापसाचे तंतू हवेत उडत असत. ते घड्याळ रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत. घरी आल्यावर मात्र ते मनगटावर चढे. सकाळी फजरच्या नमाजनंतर ते चावी देत. रेडिओवर बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके वाजत, त्या ठोक्यांवर ते काटे लावून घेत.

या घड्याळाचा त्यांना मोठा उपयोग झाला. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रात विजेची फार टंचाई होती. रोज काही तास भारनियमन असे. वीज गेली, की माग थांबत. माग थांबले, की मजुरीही थांबे. अब्बा एका लहान वहीत लिहून ठेवत : 'वीज गेली ११ वाजून १० मिनिटे. आली १ वाजून ४० मिनिटे.' आठवड्याच्या शेवटी कापड कमी भरले आणि हिशेबनिसाने कारण विचारले, तर अब्बा वही पुढे करत. त्यांना कोणी कामचुकार म्हटलेले मी कधी ऐकले नाही.

२०१८ मध्ये अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचा उजवा हात निकामी झाला. घड्याळ डाव्या मनगटावर असते आणि चावी उजव्या हाताने द्यायची असते. ते त्यांना जमेना. माझी थोरली बहीण, म्हणजे आपा, त्याच मोहल्ल्यात राहते. ती रोज सकाळी येई, अब्बांचे तोंड धुई, औषध देई आणि मग घड्याळाला चावी देई. अब्बा घड्याळ कानाला लावत, आवाज ऐकत आणि मान हलवत. सव्वा वर्ष हा क्रम चालला. २०१९ मध्ये अब्बा वारले.

काही दिवसांनी घरात वाटणीची बोलणी सुरू झाली. भारतात मुसलमानांच्या वारसाहक्काला सर्वसाधारणपणे १९३७ च्या कायद्यानुसार शरीयतचे नियम लागू होतात. त्यांत क्रम ठरलेला आहे. मृत व्यक्तीच्या मालमत्तेतून आधी दफनाचा खर्च करावा. मग तिचे कर्ज फेडावे. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल, तर तोही कर्जच समजावा. त्यानंतर वसीयत असेल, तर ती पुरी करावी. पण ती मालमत्तेच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावी. उरेल ते वारसांत वाटावे. अब्बांवर औषधांच्या दुकानाची उधारी होती आणि एका मित्राकडून घेतलेले थोडे पैसे होते. त्यांच्या वहीतच तो हिशेब होता. तो आम्ही आधी चुकता केला. अम्मीचा मेहर अब्बांनी हयातीतच दिला होता आणि वसीयत त्यांनी केली नव्हती.

आता उरले दोन खोल्यांचे घर, थोडी रोकड आणि घड्याळ. वारस चार : अम्मी, आपा, मोठा भाऊ आणि मी. अब्बांचे आईवडील आधीच वारले होते. अशा वेळी पत्नीला आठवा हिस्सा मिळतो आणि बाकीचे मुलांत वाटले जाते. मुलीच्या एका वाट्याला मुलाचे दोन वाटे असतात. एकूण ४० भाग केले, तर हिशेब सोपा होतो. अम्मीचे ५, आम्हा दोघा भावांचे १४-१४ आणि आपाचे ७. बेरीज करून पाहा, ४० होतात.

घराची आणि रोकडीची वाटणी अशी करता येते. पण घड्याळाचे ४० तुकडे कसे करणार? तुकडे केले, तर ते घड्याळच राहत नाही. अशा वेळी दोन मार्ग असतात. ती वस्तू विकून पैसे वाटून घ्यावेत, किंवा सर्वांच्या संमतीने एका वारसाने ती घ्यावी. विकायला कोणीच तयार नव्हते.

आमचे चाचा म्हणाले, "घड्याळ मोठ्या मुलाला द्या. हीच रीत आहे."

भाईजान म्हणाले, "मी ते जपून ठेवीन. अब्बांची निशाणी म्हणून कपाटात ठेवीन."

आपा हळूच म्हणाली, "कपाटात ठेवलंत तर ते दुसऱ्या दिवशी बंद पडेल."

चाचांनी थोडा विचार केला. मग ते म्हणाले, "बरं, मग असं करा. घड्याळ हिला द्या. हिनं सेवा केली आहे. घर मात्र दोघा भावांना राहू द्या. बहीण का कधी भावांकडे वाटा मागते?"

चाचांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या समाजात, आणि केवळ आपल्याच नव्हे, तर इतर समाजांतही अनेक घरांत असेच होते. बहिणीला एखादी साडी, एखादा दागिना, एखादी आठवण देतात आणि तिचा हिस्सा भावांकडे राहतो. बहीणही गप्प बसते. माहेरचे दार बंद होईल, अशी तिला भीती वाटते.

आपा गप्प बसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "चाचा, घड्याळ मला हवं आहे, पण बक्षीस म्हणून नको. त्याची जी किंमत होईल, ती माझ्या हिश्श्यात धरा. आणि घरातला माझा वाटाही कागदावर लिहा. घड्याळ देऊन तो मिटवू नका."

खोलीत कोणी बोलेना. भाईजानांनी अम्मीकडे पाहिले. अम्मी म्हणाली, "तुमचे अब्बा विजेचा एकेक मिनिट वहीत लिहून ठेवत होते. मुलीचा हक्क लिहायला त्यांनी नाही म्हटलं असतं का?"

"लिही," भाईजान मला म्हणाले.

मी कागद घेतला. चौघांची नावे आणि प्रत्येकाचे भाग लिहिले. घर विकायचे नव्हते, कारण अम्मी तेथे राहते. म्हणून घराची किंमत ठरवली आणि आपाच्या सात भागांचे पैसे आम्ही दोघा भावांनी हप्त्यांनी द्यायचे, असे ठरले. घड्याळजीने घड्याळाची जी किंमत सांगितली, ती फार नव्हती. ती आपाच्या हिश्श्यातून वजा केली. चौघांनी सह्या केल्या. चाचांनी साक्षीदार म्हणून सही केली.

घड्याळ आपाच्या हाती आले, तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. ते दिवसाला बरेच मागे पडत होते. आपा ते घड्याळजीकडे घेऊन गेली. आतले तेल वाळले होते. घड्याळजीने सर्व भाग सुटे केले, धुतले आणि नवे तेल घातले. तबकडीवर डाग पडले होते. "तबकडी नवी रंगवून देऊ का? घड्याळ कोरे दिसेल," असे त्याने विचारले. आपा नको म्हणाली. जुन्या घड्याळांच्या तबकड्या रंगवून ती विकायचा धंदा आपल्याकडे बराच चालतो. रंगवलेली तबकडी चमकते, पण तिच्यावरची अक्षरे मूळची राहत नाहीत. ज्यांना जुन्या घड्याळांची पारख आहे, ते अशा घड्याळाला कमी किंमत देतात. आपाला किमतीची चिंता नव्हती. ते डाग अब्बांच्या वेळचे होते, म्हणून तिला ते हवे होते.

घड्याळजीने तिला चार गोष्टी सांगितल्या. रोज ठरावीक वेळी चावी द्यावी. बोटांना घट्ट लागले, की तेथेच थांबावे, जोर करू नये. वजू करताना किंवा भांडी घासताना घड्याळ काढून ठेवावे, कारण आत पाणी गेले तर लोखंडाला गंज चढतो. लोहचुंबकाजवळ ठेवू नये. चुंबकामुळे बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागते. काही वर्षांनी पुन्हा तेलपाणी करावे.

पुढे अशा घड्याळांचे सुटे भाग मिळणे कठीण होत जाईल. १९८० नंतर बॅटरीवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आपल्या बाजारात वाढली. ती वेळ अधिक अचूक दाखवत आणि त्यांना चावी द्यावी लागत नसे. नंतर मोबाइल फोन आले. चावीच्या घड्याळांची मागणी घटली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.ची घड्याळे बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता घड्याळजी बंद पडलेल्या एका घड्याळाची चाके काढून दुसऱ्या घड्याळात बसवतात.

आपा ते घड्याळ स्वतः वापरते. पुरुषांचे घड्याळ बाईच्या हातात पाहून आधी काही जणी हसल्या. आपाने पट्ट्याला दोन नवी भोके पाडून घेतली आणि कामाला लागली. ती घरी शिवणकाम करते. गिऱ्हाइकाला दिलेली वेळ ती चुकवत नाही.

आपाच्या हिश्श्याचा शेवटचा हप्ता आम्ही भावांनी २०२३ मध्ये दिला. त्या दिवशी भाईजान स्वतः तिच्या घरी गेले. तिने त्यांना जेवायला ठेवून घेतले. आपाचे माहेरचे दार बंद झाले नाही. हक्क दिल्याने नाते तुटत नाही, उलट ते स्वच्छ राहते. आईवडिलांची आठवण जरूर जपावी. पण आठवण देऊन कोणाचा हक्क घेऊ नये.

शब्दार्थ

यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
तबकडी – घड्याळाचा आकडे असलेला गोल भाग
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासणे
पाळी – कामाची ठरलेली वेळ
भारनियमन – विजेच्या टंचाईमुळे ठरावीक वेळ वीज बंद ठेवणे
हिशेबनीस – हिशेब लिहिणारा
अर्धांगवायू – शरीराची एक बाजू लुळी पडण्याचा आजार (उर्दू : फालिज)
चुकता करणे – पूर्ण फेडणे
संमती – होकार (उर्दू : रजामंदी)
घड्याळजी – घड्याळ दुरुस्त करणारा (उर्दू : घडीसाज)
पारख – खरेखोटे ओळखण्याची समज

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'जनता' घड्याळ कोणत्या कंपनीने तयार केले?
(आ) अब्बा कामावर घड्याळ कोठे ठेवत?
(इ) अब्बांना मजुरी कशावर मिळत असे?
(ई) वाटणीपूर्वी मुलांनी कोणता हिशेब चुकता केला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) घड्याळात माणके बसवतात, कारण ...
(आ) २०१८ नंतर अब्बांना स्वतः चावी देता येईना, कारण ...
(इ) आपाने तबकडी रंगवू दिली नाही, कारण ...

प्र. ३. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) विजेच्या टंचाईच्या काळात अब्बांना घड्याळाचा काय उपयोग झाला?
(आ) चाचांनी कोणता तोडगा सुचवला? आपाला तो का पटला नाही?
(इ) 'हक्क दिल्याने नाते तुटत नाही' याविषयी तुमचे मत लिहा.

प्र. ४. हिशेब करा.
(अ) घड्याळाचे एका तासाला १८,००० ठोके पडतात, तर एका दिवसात किती?
(आ) उरलेली रोकड ४०,००० रुपये आहे असे समजा. पाठातील चार वारसांना प्रत्येकी किती रुपये मिळतील?

प्र. ५. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "बहीण का कधी भावांकडे वाटा मागते?"
(आ) "घड्याळ देऊन तो मिटवू नका."
(इ) "लिही."

भाषाभ्यास

(१) उर्दूत 'घडी' स्त्रीलिंगी आहे. मराठीत 'घड्याळ' नपुंसकलिंगी आहे. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून येथे लक्ष द्या.
ते घड्याळ जुने आहे. माझे घड्याळ बंद पडले.
खालील वाक्य दुरुस्त करा : अब्बांची घड्याळ चांगली चालते.

(२) 'वेळ' हा शब्द मराठीत दोन लिंगांत येतो.
मला वेळ मिळाला नाही. (अवधी : पुल्लिंग)
शाळेची वेळ झाली. (ठरलेला क्षण : स्त्रीलिंग)
असे आणखी दोन-दोन वाक्य लिहा.

(३) अरबी-फारसीतून आलेले अनेक शब्द मराठीत रुळले आहेत. 'वारिस'वरून 'वारस' आणि 'वारसा' झाले. 'अमानत'चे 'अनामत' झाले. 'मीरास'ची 'मिरास' झाली. 'तास' हा शब्दही फारसीतून आला. पूर्वी वेळ कळावी म्हणून धातूची थाळी वाजवत. त्या थाळीला 'तास' म्हणत. पुढे तिच्या ठोक्याने मोजल्या जाणाऱ्या वेळेलाच 'तास' म्हणू लागले.
पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम

तुमच्या घरी आजी-आजोबांच्या वेळची एखादी वस्तू असेल. ती कोणी घेतली, कशासाठी वापरली आणि आता तिची काळजी कोण घेते, हे घरातील मोठ्यांना विचारा. दहा ओळी मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.